बोललेलं कळलं पाहिजे : घरातलं पहिलं होम थिएटर घेताना

"आवाज वाढव." "अरे, कमी कर तो आवाज!" इशानंतर आमच्या हॉलमध्ये ही दोन वाक्यं रोजची ठरलेली. पहिलं अब्बांचं, दुसरं अम्मींचं. बातम्या असोत, मक्केहून दाखवली जाणारी तरावीह असो की मुलांनी लावलेला सिनेमा, अब्बांची तक्रार एकच: आवाज येतो, पण माणूस काय बोलतो ते कळत नाही. हळूहळू त्यांनी टीव्हीसमोर बसणंच सोडलं. जेवण झालं की आपल्या खोलीत जायचे. तेव्हा आम्ही ठरवलं, आता साऊंड सिस्टीम घ्यायचीच.

पहिल्या फेरीत आम्ही फसलो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'दहा हजार वॅट' लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'पीएमपीओ'. आम्ही मोठी अक्षरं वाचून घरी आलो. गाड्यांची धडक आणि ढगांचा गडगडाट असा वाजला की मुलं खूश झाली, पण बोलणं होतं तिथंच राहिलं. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या खाला खाली आल्या. त्यांच्या पलंगाला हादरे बसत होते. शेवटी तो सेट अर्ध्या किमतीत नातेवाइकांकडे गेला.

पीएमपीओ म्हणजे यंत्र क्षणभर कितीचा झटका देऊ शकतं याचा कागदी आकडा. तो कसा मोजायचा याचा एकच पक्का नियम नाही, म्हणून तो हवा तेवढा फुगवता येतो. विचारायचा आकडा आरएमएस वॅटचा. त्यातही एक गंमत आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पन्नासच्या जागी शंभर वॅट घेतले म्हणून घर दणाणत नाही. एरवीच्या हॉलला खरे ४०-५० वॅटही पुरून उरतात.

मग अब्बांना कळत का नव्हतं? एक तर आजचे टीव्ही इतके पातळ की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आदळतो, मग आपल्याकडे येतो. दुसरं, वय वाढलं की आधी बारीक, उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो. स, श, फ, त ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात. 'सात' आणि 'हात' यांतला फरक त्यांच्यावरच उभा. म्हणून म्हातारं माणूस "ऐकू येतं, पण कळत नाही" म्हणतं ते शब्दशः खरं असतं. नुसता आवाज वाढवला की ढोल वाढतो, व्यंजनं नाही. (कान तपासून घेणं वेगळंच. ते आम्ही नंतर केलं, आधी करायला हवं होतं.)

तिसरं कारण आमचा हॉल. वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात गेला असाल तर ठाऊक असेल, कमानदार छताखाली तोंडातून निघालेला स्वर किती वेळ घुमत राहतो. तिथं ते घुमणं अंगावर काटा आणतं. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, रिकाम्या भिंती आणि काचेची सरकती दारं मिळून लहान प्रमाणात तेच करतात. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागून 'टर्र' असा आवाज आला तर दुकानात जाण्याआधी जाड पडदे आणि सतरंजी घ्या. आम्ही काचेवर दुहेरी पडदा लावला, जमिनीवर जाजम अंथरलं, पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीतून समोरच्या भिंतीला आणलं. एक रुपयाचा स्पीकर न घेता निम्मं काम झालं.

आता यंत्राबद्दल. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे दोन. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणून पैसे कमी असतील तर मधला सोडू नका, मागचे दोन सोडा. साऊंडबार घ्यायचा तरी '३.१' लिहिलेला पाहा, म्हणजे त्यात बोलण्यासाठी वेगळी वाट आहे. '२.१' मध्ये बोलणं डाव्या-उजव्यात वाटलं जातं आणि कडेला बसलेल्याला ते एकाच बाजूनं ऐकू येतं. कडेला बसतं कोण? घरातली म्हातारी माणसंच.

टीव्हीच्या मागे 'एचडीएमआय एआरसी' लिहिलेलं भोक आहे का ते आधी पाहून घ्या. असेल तर एका वायरीत काम होतं, आणि बहुतेक वेळा टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त करता येतो. अब्बांच्या हातात दोन रिमोट देऊन पाहा, मग या गोष्टीची किंमत कळेल.

सगळ्या आकृत्या सोफ्यावर बसणाऱ्या माणसासाठी काढलेल्या असतात. आमच्याकडे बैठक गादी-लोडाची. खाली बसलं की कान जमिनीपासून तीन फुटांच्याही खाली येतो. स्पीकरचा बारीक आवाजाचा भोंगा कानाच्या उंचीला आणि कानाकडे तोंड करून हवा. आम्ही टीव्ही आणि मधला स्पीकर दोन्ही खाली घेतले. पाहुणे विचारतात, इतका खाली का?

दुकानात जाताना अब्बांना सोबत नेलं. मोबाइलमध्ये तीन गोष्टी घेतल्या: एका बातमीदाराचं बोलणं, एका कारीची किरात, आणि सिराज औरंगाबादींची आबिदा परवीन यांनी गायलेली गझल. संगीताबद्दल घराघरात मतं वेगळी आहेत. ज्यांना नको त्यांना पहिल्या दोन पुरेत. दोन सेट ताडून पाहताना आवाज सारखा ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा सेट नेहमीच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं. डोळे मिटून अब्बांनी ज्या सेटवर बातमी शब्दन्‌शब्द परत सांगितली, तो आम्ही घेतला. तो दुकानातला सर्वांत महाग नव्हता.

पैशांचं म्हणाल तर 'नो कॉस्ट ईएमआय'चा आग्रह झाला. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेलं असतं. रोखीनं किती, एवढंच विचारा. आम्ही तीन महिने थांबलो.

राहिला शेजाऱ्यांचा हक्क. हदीसमध्ये त्याची किती ताकीद आहे ते तुम्हाला सांगायला नको. कायद्यातही वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बारीक आवाज भिंत अडवते, पण सबवूफरचा घुमार भिंतीला जुमानत नाही. ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबीच सुमारे २८ फूट असते. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो आणखी फुगतो. आम्ही तो कोपऱ्यातून काढला, खाली जाड रबर घातलं आणि मेनूमधला 'नाइट मोड' चालू केला. त्यानं धमाके दबतात, बोलणं वर येतं. मग खालांना खाली बोलावून बसवलं, आम्ही त्यांच्या घरात जाऊन ऐकलं आणि दोघांच्या संमतीनं बटणावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. रात्री दहानंतर त्या ठिपक्यापुढे जायचं नाही.

मागचे दोन स्पीकर अजून घेतलेले नाहीत; रंगकाम निघेल तेव्हा त्यांच्या वायरी भिंतीतून नेऊ. अब्बा पुन्हा हॉलमध्ये बसतात. आता तक्रार अम्मींची आहे, बातम्या संपतच नाहीत म्हणून.