सहा महिन्यांनी काय बदलतं?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पोडांवर काय अन् गावात काय, एक तक्रार नेहमी ऐकू येते. बाळ पाच-सहा महिने छान होतं. मग हातापायाची बोटं सुजली, रडणं थांबेना. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं लस बाधली, कोणी सुनेच्या दुधाला दोष देतं. तपासणीत निघतो सिकलसेल. मग जन्मापासून का दिसला नाही?

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण घरातले सगळे दिवे आपण एकदम लावत नाही, तसंच तिथंही. तांबडी पेशी घडताना हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकांची बटणं सुरू होतात, बाकीची बहुतेक बंद होतात.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते आईच्या रक्तातला प्राणवायू ओढून घेतं. जन्माच्या आसपास त्याचं बटण हळूहळू बंद होतं आणि मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचं सुरू होतं. सिकलसेलची चूक या दुसऱ्या जनुकात असते. म्हणून पहिलं हिमोग्लोबिन सरेपर्यंत बाळ ठीक दिसतं. नंतर पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांतच फुटते.

जुनं बटण बंद करणारं एक जनुक, बीसीएल११ए, शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ओळखलं. त्यालाच आवर घालणारा उपचार २०२३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला, पण तो फार महाग आहे. आपल्याकडे मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळीही बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, दुखण्याचे झटके कमी करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची, अधूनमधून रक्त तपासून. दिवस राहिले किंवा राहावेत असं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

आणि दोष कोणाचा? एकट्या आईचा कधीच नाही. चुकीचं जनुक आईकडूनही येतं, बापाकडूनही. दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

१ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी होते. गटाच्या पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलवा. पत्रिका जुळवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचं रक्त तपासा. सुनेला बोल लावण्याआधी तर नक्कीच.