ध्वनिसंस्कारक, मोटारगाडीतील

मोटारगाडीत कारखान्यातच बसविलेल्या ध्वनियंत्रणेकडून विद्युत् संकेत घेऊन त्याची निरनिराळ्या कंप्रतांवरील पातळी, कला व विलंब यांत इष्ट फेरफार करणारी आणि तो विवर्धकाकडे पाठविणारी अंकीय प्रयुक्ती. व्यवहारात तिला ‘डीएसपी’ म्हणतात.

पूर्वी गाडीतील रेडिओसाठी १८० मिमी. × ५० मिमी. अशी प्रमाणित खाच असे व जुना संच काढून नवा बसविणे सोपे होते. आता संचाचा पडदा दर्शनी फळीचाच (डॅशबोर्डचा) भाग झाला असून मागील कॅमेरा, वातानुकूलन इत्यादींचे नियंत्रणही पुष्कळदा त्यातून होते. शिवाय भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत आसनपट्टा न लावणे, मागे घेताना अडथळा असणे व वेग ताशी ८० किमी. पलीकडे जाणे यांबद्दल श्राव्य इशारा देणे सक्तीचे आहे. काही गाड्यांत हे इशारे संगीताच्याच ध्वनिक्षेपकांतून (स्पीकरांतून) ऐकू येतात. म्हणून मूळ संच जागेवर ठेवून त्याच्यापुढे संस्कारक जोडतात. इशारे बहुधा पुढील ध्वनिक्षेपकांच्या संकेतात मिसळलेले असतात; संकेत केवळ मागील तारांवरून घेतल्यास ते नाहीसे होण्याचा संभव असतो. पनवेलजवळ कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर वेगाचा इशारा वारंवार लागतो. तो गमावून मिळविलेले संगीत महागच म्हणावे लागेल.

जोडणीत खरी अडचण संकेताच्या स्वरूपाची असते. मूळ संचातून निघणारा संकेत शुद्ध नसतो. लहान व स्वस्त ध्वनिक्षेपकांचे दोष झाकण्यासाठी उत्पादकाने त्यात आधीच चढउतार केलेले असतात. कित्येक संचांत आवाज वाढविताच मंद्र स्वर आपोआप घटविले जातात, म्हणजे ध्वनिक्षेपकाचा पडदा फाटत नाही. अशा संकेतावर उत्तम विवर्धक जोडला, तरी तो त्यातील उणिवाच मोठ्या करतो. यासाठी नेहमी ऐकण्याच्या पातळीवर ‘गुलाबी गोंगाट’ (प्रत्येक सप्तकात समान शक्ती असलेला चाचणी-ध्वनी) वाजवून संकेताचे मापन करतात व संस्कारकात उलट दुरुस्ती करून तो सपाट करतात. मंद्र व तार स्वर वेगळ्या तारांनी येत असल्यास ते एकत्र करावे लागतात; मात्र त्यांच्या कला जुळत नसल्यास सांध्याजवळील कंप्रता परस्परांना मारक ठरतात.

विद्युतीय बाजूने एक चूक विशेष घातक आहे. मूळ संचातील विवर्धकाची दोन्ही अग्रे सामान्यतः घटमालेच्या (बॅटरीच्या) निम्म्या दाबावर, म्हणजे एंजिन चालू असता सु. ७ व्होल्टवर असतात; त्यांपैकी कोणतेही भूमीशी जोडलेले नसते. ऋण खूण असलेली तार गाडीच्या सांगाड्याला जोडल्यास विवर्धक जळू शकतो. संस्कारकाचे आदान दोन तारांमधील दाबाचा फरक मोजणारे असावे लागते. याच स्थिर दाबावरून अनेक संस्कारक संच सुरू झाल्याचे ओळखून स्वतः सुरू होतात. ध्वनिक्षेपक काढून टाकल्यास काही संच दोष समजून ती वाहिनी बंद करतात. तेव्हा योग्य रोधक बसवून भार असल्याचा भास निर्माण करतात. संच आणि स्वतंत्र विवर्धक यांच्यात अंकीय वाहिनी असलेल्या गाडीत मात्र त्या वाहिनीसाठीचा खास अनुयोजकच लागतो.

विलंबाची दुरुस्ती हा संस्कारकाचा सर्वांत लक्षणीय उपयोग होय. भारतात चालक उजवीकडे बसतो. उजवा ध्वनिक्षेपक त्याच्यापासून ९० सेंमी. व डावा १४० सेंमी. अंतरावर असल्यास उजव्याचा ध्वनी सु. १·४६ मिलिसेकंद आधी पोहोचतो व सारे संगीत उजव्या दारातून येत असल्यासारखे वाटते. उजव्या संकेतास तेवढाच विलंब दिला की गायकाचा आवाज समोरून येतो. हे गणित २०° से. तापमानाच्या ध्वनिवेगावर (सेकंदास ३४३ मी.) बसविलेले आहे, कोकणच्या उन्हात तापलेल्या गाडीत पडणारा फरक नगण्य असतो. चालकासाठी केलेली ही जुळणी शेजारच्या प्रवाशाला मात्र प्रतिकूल ठरते. [⟶ ध्वनिकी].

उभ्या गाडीत केलेली जुळणी अर्धीच समजावी. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर टायरांचा घरघराट मंद्र स्वरांना झाकून टाकतो. म्हणून अंतिम फेरफार प्रत्यक्ष प्रवासात पारखावे लागतात. ऐकणाऱ्याने मत द्यावे व गाडी थांबवून दुसऱ्याने आकडे बदलावेत, हे बरे. पनवेलपासूनच निघणाऱ्या गोवा महामार्गावर धक्के व पावसाळी दमटपणा यांमुळे पिळून जोडलेल्या तारांचे सांधे सैल होतात व गंजतात. ते डाख देऊन व आवरणनळीने झाकून घेणे हितावह असते. घटमालेकडून येणाऱ्या तारेवर वितळतार (फ्यूज) घटमालेच्या शक्य तितक्या जवळ असावी, कारण तार सांगाड्याला घासून मंडल लघू झाल्यास वितळतारेपलीकडील भागच सुरक्षित राहतो. सुरक्षा-पिशव्यांच्या (एअरबॅगांच्या) तारांना, ज्यांची आवरणे वा जोडण्या बहुधा पिवळ्या असतात, स्पर्श करू नये.