स्वातंत्र्य कोणत्या अर्थाने? लोणारच्या काठावरील एक गणिती उदाहरण

‘दोन राशी परस्परांपासून स्वतंत्र आहेत’ असे विधान गणितात वारंवार केले जाते. परंतु हे स्वातंत्र्य कोणत्या प्रकारच्या संबंधापासून, हे सांगितल्यावाचून ते अपुरेच राहते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरावरून हा मुद्दा विशद करता येतो. काळ्या पाषाणात उल्कापाताने निर्माण झालेले हे विवर जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विवेचनाच्या सोयीसाठी त्याचा काठ ९०० मीटर त्रिज्येचे अचूक वर्तुळ मानावा.

काठावरील बिंदूचे मध्यापासून पूर्वेकडील अंतर ‘क्ष’ व उत्तरेकडील अंतर ‘य’ मीटर मानावे. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील अंतरे ऋण धरावीत. आता अ × क्ष + ब × य = ० हे समीकरण काठावरील प्रत्येक बिंदूस लागू पडावयाचे असेल, तर पूर्वेच्या टोकाशी अ शून्य ठरतो आणि उत्तरेच्या टोकाशी ब शून्य ठरतो. अर्थात क्ष आणि य एकघाती दृष्टीने स्वतंत्र होत.

काठावरील बिंदू यदृच्छया, सर्वत्र समान संभाव्यतेने निवडला, तर दोहोंचा सहसंबंध गुणांकही शून्यच येतो. कारण (क्ष, य) या प्रत्येक बिंदूस (क्ष, −य) हा जोडीदार असतो व त्यांचे गुणाकार परस्परांस छेद देतात.

तथापि या राशी खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाहीत. क्ष ५४० असल्यास य ७२० किंवा −७२० असलाच पाहिजे. तिसरा पर्याय नाही. क्ष व य यांचे संख्यामूल्य प्रत्येकी ७२० हून अधिक असण्याची संभाव्यता शून्य नाही. मात्र दोन्ही एकाच वेळी तसे असणे अशक्य आहे, कारण त्यांच्या वर्गांची बेरीज नेहमी ८,१०,००० असते. संभाव्यतांच्या गुणाकाराचा नियम येथे मोडतो. गंमत अशी की, क्ष, य यांच्याऐवजी क्षचा वर्ग, यचा वर्ग आणि स्थिरांक १ ही फलने घेतली, तर हेच अवलंबन एकघाती स्वरूपात प्रकट होते.

अंकांच्या क्षेत्राविषयीही हेच खरे. १ आणि २ चे वर्गमूळ या संख्या परिमेय सहगुणकांच्या दृष्टीने स्वतंत्र, तर वास्तव सहगुणकांच्या दृष्टीने अवलंबित आहेत.

स्वतंत्र राशींचा सहसंबंध, तो काढता येत असेल तेव्हा, शून्य असतो. पण उलट विधान सर्वसाधारणपणे खरे नाही. दोन चलांचे संयुक्त वितरण प्रसामान्य असेल तेव्हा ते खरे ठरते, आणि या विशेष प्रसंगाची सवय जडल्यानेच पुष्कळदा चूक घडते. शून्य गुणांक पाहून एखादी राशी अप्रस्तुत म्हणून वगळणारा संशोधक कदाचित पूर्ण अवलंबनच दृष्टिआड करीत असतो. म्हणून ‘स्वतंत्र’ हा शब्द लिहिण्यापूर्वी ‘कशाच्या संदर्भात?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.