सिम्हाथ तोरा : ग्रंथाच्या आनंदाचा सण

पेडणे-डिचोलीत आम्हांस यहुदी शेजारी नाहीत. पण याच किनाऱ्यावर, उत्तर कोकणात, मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहत आला. त्यांच्या एका सणाची ही ओळख.

तोरा म्हणजे मोशेची पंचग्रंथी. कुराण शरीफ तिला तौरात म्हणते. दर शनिवारी एक भाग वाचून वर्षभरात तिचे पारायण पूर्ण होते. तिश्री महिन्याच्या २३ तारखेस शेवटचा अध्याय संपतो आणि त्याच बैठकीत पहिला सुरू होतो. हस्तलिखित गुंडाळ्या छातीशी धरून, गात-नाचत, व्यासपीठाभोवती सात फेऱ्या घालतात. मुलांना मिठाई मिळते.

मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली सिनेगॉग बांधले. हे लोक सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. त्याच वर्षी गोव्यात मात्र इन्क्विझिशन चालू होते. १५६० साली स्थापन झालेल्या त्या न्यायासनापुढे बाप्तिस्मा घेतलेल्याने यहुदी आचार पाळणे हा अपराध होता. ते १८१२ साली कायमचे बंद झाले.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. राहिलेली थोडी हा सण पाळतात. ग्रंथ संपल्याचा नव्हे, तो पुन्हा उघडल्याचा हा आनंद. तो उघडपणे साजरा करता यावा, याचे मोल आम्हां गोवेकरांस वेगळे सांगावयास नको.