चरबीतील मूलपेशींना आधार ‘चिकट’ रेणूंचा

लायपोसक्शन करून काढलेली चरबी पूर्वी टाकाऊ मानली जात असे. २००१ मध्ये अमेरिकेतील पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चरबीतून हाड, कूर्चा, स्नायू व मेद यांच्या दिशेने विकसित होऊ शकणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या. मूलपेशी अर्थात स्टेम सेल म्हणून त्या ओळखल्या जातात. मात्र, या पेशींचे सामर्थ्य केवळ त्यांच्या जनुकांत नसते. त्या कशाला आणि कशा चिकटल्या आहेत, यावरही ते अवलंबून असते.

मेदऊती म्हणजे निव्वळ तेलाचा साठा नव्हे. तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. नव्या मेदपेशींना जन्म देणाऱ्या पूर्वज पेशी या वाहिन्यांच्या भिंतीत वास्तव्य करतात, असे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. प्रौढ माणसाच्या शरीरात दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी बदलल्या जातात, असा अंदाजही त्याच वर्षी स्वीडनमधील संशोधकांनी मांडला. त्यासाठी पूर्वज पेशींचा राखीव साठा जागेवर टिकणे आवश्यक असते.

ते काम आसंजक रेणू, म्हणजेच पेशींना धरून ठेवणारी प्रथिने करतात. त्यांतील प्रमुख कुळ इंटेग्रिनचे. इंटेग्रिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असते. बाहेरचे टोक कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन यांसारख्या प्रथिनांना पकडते, तर आतले टोक पेशीच्या सांगाड्याशी जोडलेले असते. त्यामुळे हा नुसता गोंद ठरत नाही. बाहेरचा आधार मऊ आहे की कठीण, याचा संदेश त्याच्यामार्फत आत पोहोचतो. पकड सुटली, तर अनेक पेशी स्वतःचा अंत घडवून आणतात. या संशोधनासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

पकडीचा प्रभाव २००४ मधील एका प्रयोगात स्पष्ट झाला. अस्थिमज्जेतून घेतलेल्या मूलपेशींना चिकटण्यासाठी अगदी लहान जागा दिली, तेव्हा त्या गोलसर राहून मेदपेशी होऊ लागल्या. ऐसपैस जागा मिळताच त्या पसरल्या आणि हाडाच्या पेशी होण्याकडे वळल्या.

उपचारांचा विचार करताना हेच ध्यानात घ्यावे लागते. चरबीतून पेशी सुट्या करण्यासाठी सहसा कोलॅजेन तोडणारे विकर वापरतात. म्हणजे आरंभच त्यांचा आधार तोडण्यापासून होतो. नव्या जागी त्या टिकतील आणि अपेक्षित तेच काम करतील, याची हमी नसते. अमेरिकेत डोळ्यांत अशा पेशींचे इंजेक्शन घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गंभीररीत्या बाधित झाल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. क्रोन आजारातील भगंदरासाठी युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळालेले ‘अलोफिसेल’ हे मेदजन्य पेशींचे औषधही, पुढील चाचणीत लाभ सिद्ध न झाल्याने, २०२४ मध्ये मागे घेण्यात आले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्त-मूलपेशी प्रत्यारोपण वगळता अन्य मूलपेशी उपचार केवळ चाचण्यांपुरते मर्यादित ठेवले आहेत. तेव्हा गुडघेदुखी, केस गळणे किंवा मधुमेह यांवर ‘स्वतःच्याच चरबीतून’ हमखास इलाज, अशी जाहिरात दिसल्यास ती नोंदणीकृत चाचणी आहे काय, हा प्रश्न रुग्णाने प्रथम विचारणे इष्ट.