बर्फाच्या कारखान्यातील अमोनिया

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून ओरोसच्या बाजारात मासळी येते ती बर्फात. बांगडा ताजा आहे की नाही हे आम्ही निरखून पाहतो. त्याला ताजा ठेवणारा बर्फ कसा झाला, हे सहसा कोणी विचारीत नाही.

नवसागर आणि चुना तळहातावर चोळला म्हणजे नाकाला झोंबतो तोच वायू, अमोनिया, ते काम करतो. दाबून आणि निववून त्याचा द्रव करतात. दाब कमी होताच द्रव उकळतो (मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवरच उकळतो) आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीतील मिठाच्या पाण्यातून ओढून घेतो. त्या पाण्यात बुडविलेल्या डब्यांत लाद्या गोठतात. जर्मनीच्या लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात ही युक्ती व्यवहारात रुजविली. आजही ती स्वस्तात स्वस्त आहे.

अमोनिया चोरपावलांनी येत नाही, हा त्याचा मोठा गुण. हवेच्या दहा लाख भागांत तो पाच-पन्नास भाग असला तरी नाक सांगते. तीनशे भागांपुढे मात्र जिवाशी गाठ असते. म्हणूनच, कामगार ‘वासाची सवय झाली’ म्हणतात तेव्हा आम्हाला धास्ती वाटते.

तांब्या-पितळेला अमोनिया खातो, म्हणून नळ लोखंडाचे. आणि लोखंडाचा वैरी आपला खारा वारा. थंड नळावरच्या वेष्टनाला चीर पडली की आत ओल शिरते. वरून सारे ठाकठीक, आत पापुद्रे सुटलेले. टाकीतला नळ झिजला तर अमोनिया मिठाच्या पाण्यात मिसळतो आणि वासही लवकर येत नाही.

कॅनडातील फर्नी गावी, बर्फावर खेळण्याच्या क्रीडागृहात हेच झाले. २०१७ च्या वसंतात गळती कळली होती; तरी ऑक्टोबरात तेच जुने यंत्र पुन्हा चालू केले. मिठाच्या पाण्याच्या नळांत दाब वाढला, जोड निसटला, आणि १७ ऑक्टोबरला तीन माणसे दगावली.

आपल्याकडेही १ जूनला यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि बर्फाची मागणी ओसरते. वेष्टन सोलून नळ पाहावेत, मिठाचे पाणी तपासून घ्यावे, सुरक्षा-झडपा बदलाव्यात, ते याच दिवसांत. हंगामाच्या आदल्या रात्री हे होत नाही. खर्च मालकाचा, पण कारखान्याशेजारी घरे आहेत. तेव्हा पावसाळ्यात काय काय तपासले, हे ग्रामपंचायतीने विचारण्यात आगाऊपणा नाही.

गळती झालीच तर? अमोनिया हवेहून हलका, तरी गार द्रव उसळला की आपल्या दमट हवेत त्याचे पांढरे धुके जमिनीलगत पसरते. त्या धुक्यात शिरू नये. तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याला आडवे निघावे. साचलेल्या द्रवावर पाणी ओतू नये, तो अधिकच उसळतो. डोळ्यांत गेला तर मात्र पाणीच हवे: पंधरा मिनिटे, सतत, डॉक्टर येण्याची वाट न पाहता.