धातूलाही शीण येतो

लोखंडाची तार नुसती ओढून तोडू म्हटले, तर बळकट मनुष्याच्या हातूनही ती तुटत नाही. परंतु तीच तार एकाच जागी पुनःपुन्हा खालीवर वाकविली, तर लहान मूलदेखील तिचे दोन तुकडे करू शकते. यालाच धातूचा शीण म्हणतात. मनुष्याचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. धातूचा शीण मात्र साठत जातो.

या शिणाची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. जेथे छिद्र, खाच अथवा कोपरा असेल, तेथे ताण एकवटतो आणि केसाहूनही बारीक तडा पडतो. भार येतो-जातो, तसतसा तो तडा पुढे सरकतो. शेवटी उरलेला धातू अपुरा पडून तो भाग एकाएकी तुटतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पुढे वोलर या जर्मन अभियंत्याने आसांवर लाखो वेळा भार देऊन पाहिला. भार जितका कमी, तितके धातूचे आयुष्य अधिक, हा संबंध त्याने मोजून दाखविला.

तरीही हा शत्रू पुरता ओळखला गेला नव्हता. कॉमेट हे जेट इंजिनांवर चालणारे जगातील पहिले प्रवासी विमान. उंचावर हवा विरळ असते, म्हणून त्यात दाबाने हवा भरीत. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगे व उतरल्यावर पूर्ववत होई. १९५४ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये अशी दोन विमाने इटलीजवळ समुद्रावर आकाशातच फुटली. त्यांत ५६ माणसे दगावली. कारण शोधण्यासाठी इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले. त्यात दाबाने पाणी भरावे व तो दाब काढून घ्यावा, असा क्रम सतत चालविला. एकंदर सुमारे ३००० उड्डाणांइतका ताण सोसल्यावर त्याची भिंत एका चौकटीच्या कोपऱ्यापाशी फाटली. कोडे उलगडले.

आज अशी परीक्षा प्रथम संगणकावर घेतात. पुलाचे किंवा पंखाचे चित्र संगणकात रेखून त्याचे हजारो लहान तुकडे कल्पितात आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो, याचे गणित करतात. वारा, मालमोटारी, विमानाचे उतरणे यांचे लहानमोठे भार किती वेळा येतील, हेही त्यात मांडतात. प्रत्येक भार धातूच्या आयुष्यातील थोडा अंश खर्च करतो. या खर्चाची बेरीज करून कोणता भाग केव्हा बदलावा, हे ठरविता येते. अर्थात भारांची मापे चुकीची दिली, तर उत्तरही चुकीचेच येणार. म्हणून गणितानंतर खऱ्या वस्तूची परीक्षा आणि वेळोवेळी तपासणी करावीच लागते.

मोठा भार सर्वांच्याच नजरेत भरतो. पण लहान भारांचाही हिशेब जो चोख ठेवतो, त्याच्याच पुलावरून माणसे निर्धास्त जाऊ शकतात.